मोरी का तुंबते, आणि ती कोणी मोकळी करायची?



पहाटेची वेळ. नळाला पाणी आलेले. घरातल्या कर्त्या माणसाला विरारहून लोकल गाठायची आहे, मुलांची शाळा आहे, गृहिणीला भांडी आटपून स्वतःही कामावर जायचे आहे. आणि मोरीत घोट्याएवढे पाणी साचलेले! वर साबणाचा फेस, खाली काळा गाळ, आणि नाकाला झोंबणारा वास. मग घरात एकच धावपळ सुरू होते. कोणी काडी खुपसतो, कोणी कोपऱ्यावरच्या दुकानातून अ‍ॅसिडची बाटली आणतो, कोणी म्हणतो, "बोलवा रे कोणाला तरी!"

हा "कोणाला तरी" म्हणजे कोण, याचा विचार फारसा कोणी करत नाही. आपण तो करायला हवा. म्हणून आजच्या सदरात दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, तुंबलेली मोरी, सिंक आणि संडास यांचे दुखणे कसे ओळखावे व घरच्या घरी कसे दूर करावे. दुसरी, हे काम कुठपर्यंत आपले आहे आणि कुठून पुढे ते कोणत्याही माणसाचे नाही. आगाशी, बोळींज, अर्नाळा या वसई तालुक्यातल्या पट्ट्यातील घरे डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे. पण चाळ कुठलीही असो, पाण्याचा स्वभाव एकच.

पाण्याची वाट ओळखा

डॉक्टर रोग्याला तपासल्याशिवाय औषध देत नाही. आपण मात्र मोरी तपासण्याआधीच तिच्यात औषध ओततो. आधी आपल्या घरातले पाणी कोणत्या वाटेने बाहेर जाते, ते पाहा.

स्वयंपाकघरातल्या सिंकखाली प्लास्टिकची एक बाटलीसारखी वस्तू असते. तिला प्लंबर बॉटल ट्रॅप म्हणतात. मोरीच्या किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात जाळी असते. तिच्याखाली जे भांडे बसवलेले असते, तो नहाणी ट्रॅप. या दोन्ही ट्रॅपमध्ये थोडे पाणी कायम साचून राहते. ते पाणी घाण नव्हे, ते दार आहे. गटारातला वास, झुरळे आणि किडे त्या पाण्याच्या दारामुळे घरात येऊ शकत नाहीत. पुढे हे पाणी घराबाहेरच्या गली ट्रॅपमध्ये, तिथून चेंबरमध्ये, आणि चेंबरमधून गटारात किंवा शोषखड्ड्यात जाते. संडासाची वाट वेगळी असते. जिथे भुयारी गटार नाही, तिथे संडासाचा पाईप चेंबरमधून सेप्टिक टाकीत जातो. टाकीत गाळ खाली बसतो आणि वरचे पाणी शोषखड्ड्यातून जमिनीत मुरते.

ही वाट समजून घेण्याचा एक सोपा उपाय आहे. बादलीभर पाण्यात कपड्यांना घालायची नीळ कालवा आणि ते मोरीत ओता. घरातल्या एकाने बाहेर चेंबरपाशी उभे राहावे. निळे पाणी कुठे आणि किती वेळाने दिसते, ते पाहावे. मोरी चांगली वाहत असताना हा प्रयोग एकदा करून ठेवला, तर तुंबल्यावर कुठे शोधायचे ते कळते. चाळीत चेंबर सामाईक असेल, तर शेजाऱ्यांनाही बरोबर घ्या.

चार प्रश्न विचारा

पहिला प्रश्न: एकच जागा तुंबली आहे की सगळ्या? फक्त सिंक तुंबले असेल, तर दोष सिंकच्या ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पाईपमध्ये आहे. फक्त मोरी तुंबली असेल, तर नहाणी ट्रॅप पाहा. सिंक, मोरी आणि न्हाणीघर एकदमच तुंबले, तर घरात काडी खुपसण्यात अर्थ नाही. दोष बाहेर आहे. आणि शेजारच्या चार खोल्यांतही हीच तक्रार असेल, तर तो सगळ्या चाळीचा प्रश्न आहे. एकाने खर्च करून तो सुटत नाही.

दुसरा प्रश्न: हळूहळू तुंबले की अचानक? महिनाभर पाणी सावकाश उतरत होते आणि आता थांबले, तर तेल, साबण, केस यांचा थर जमला आहे. काल ठीक होते आणि आज एकदम बंद झाले, तर काहीतरी वस्तू अडकली आहे. कपड्याचा तुकडा, काथ्याचा गुंडा, शांपूची पुडी, टूथब्रश, मुलांचे खेळणे, काहीही असू शकते. थराला मऊ करावे लागते, वस्तूला बाहेर ओढावे लागते. वस्तूवर कितीही औषध ओतले, तरी ती विरघळत नाही.

तिसरा प्रश्न: आवाज येतो का? संडासात बादली ओतल्यावर मोरीत गुडगुड आवाज होऊन बुडबुडे येत असतील, तर पुढचा मुख्य पाईप अर्धवट बंद झाला आहे, किंवा हवेचा उभा पाईप वरून बंद झाला आहे. त्या पाईपच्या तोंडात पाने, काटक्या किंवा पक्ष्याचे घरटे अडकलेले असू शकते.

चौथा प्रश्न: वास येतो, पण पाणी तर नीट जाते, असे आहे का? मग मोरी तुंबलेली नाही. ट्रॅपमधले पाणी सुकले आहे. गावाला जाऊन आठ-पंधरा दिवसांनी परतलेल्या घरात हे हमखास होते. तांब्याभर पाणी ओता, वास थांबेल. तरीही थांबला नाही, तर जाळीखालची वाटी जागेवर आहे का ते पाहा. पाणी लवकर जावे म्हणून पुष्कळ घरांत ही वाटी काढून फेकून देतात. मग दारच उघडे राहते आणि गटारातली झुरळे स्वयंपाकघरात येतात.

आता बाहेर जा आणि घराजवळच्या चेंबरचे झाकण उघडा. मुलांना दूर ठेवा. जवळ बिडी-काडी पेटवू नका. झाकण उघडल्यावर लगेच वाकू नका, थोडा वेळ हवा जाऊ द्या. चेंबर रिकामा असेल, तर अडथळा घर आणि चेंबर यांच्यामध्ये आहे. चेंबर भरलेला असेल, तर अडथळा त्याच्या पुढे आहे. ओळीने तीन-चार चेंबर असतील, तर एकेक उघडत जा. शेवटचा भरलेला चेंबर आणि पहिला रिकामा चेंबर यांच्यामध्येच दोष आहे. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले, तरी फरशी फोडण्याचा खर्च वाचतो. कोणी कारागीर आल्या आल्या म्हणाला, "ताई, लादी तोडावी लागेल," तर त्याला शांतपणे विचारा, "दादा, आधी चेंबर पाहिलात का?"

सिंक आणि मोरी घरच्या घरी

सिंक तुंबले असेल, तर खाली रिकामी बादली ठेवा. बॉटल ट्रॅपचा खालचा भाग हाताने फिरवला की निघतो. आत भाताची शिते, चहाचा चोथा, माशांचे खवले आणि चरबीचा राखाडी गोळा मिळेल. जुन्या ब्रशने घासा, रबरी वायसर नीट बसवा आणि भाग पुन्हा आवळा. एक गोष्ट विसरू नका. बादलीतले पाणी त्याच सिंकमध्ये ओतू नका, खाली पाईप अजून उघडा असतो! पुष्कळांची फजिती इथेच होते.

मोरी तुंबली असेल, तर हातात रबरी मोजे घाला. ते नसतील, तर प्लास्टिकची पिशवी मनगटाशी बांधा. जाळी काढा, वाटी उचला, आतले केस आणि गाळ हाताने काढा. बहुतेक मोऱ्या एवढ्यावरच मोकळ्या होतात. वाटी धुऊन परत बसवा.

तेवढ्याने झाले नाही, तर रबरी पंप घ्या. लाकडी दांड्याला रबरी वाटी लावलेला हा पंप हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. कारागिराच्या एका फेरीच्या मजुरीपेक्षा तो स्वस्त पडतो. जोडून असलेली दुसरी तोंडे ओल्या फडक्याने घट्ट बंद करा, नाहीतर जोर तिकडून निघून जातो. रबराची वाटी बुडेल इतके पाणी असू द्या. मग पंधरा-वीस वेळा खाली दाबा, वर ओढा. शेवटी एकदम वर खेचा. अडथळा पुढे ढकलण्यापेक्षा मागे खेचून मोकळा होणे चांगले, म्हणून वर ओढण्याचा जोर महत्त्वाचा.

याने भागले नाही, तर तारेचा लांब स्प्रिंग किंवा बांबूची लवचीक कामटी वापरा. ती नुसती खुपसू नका, फिरवत फिरवत आत घाला. अडथळा लागला की गोल फिरवा आणि ओढा. लोखंडी सळई मात्र वापरू नका, प्लास्टिकचा पाईप फुटतो. चेंबरमधून घराच्या दिशेने काम करणे पुष्कळदा सोपे जाते. पण हे सर्व वर उभे राहून, उथळ चेंबरवरच करायचे.

साफ केल्यावर दर महिन्याला तुंबतेच, असे असेल, तर पाईपचा उतार तपासा. चार इंची पाईपला दहा फुटांत साधारण दोन ते तीन इंच उतार हवा. उतार कमी असेल तर गाळ वाटेतच बसतो. आपल्या वाड्यांच्या भागात आणखी एक कारण असते. नारळाची, पिंपळाची मुळे ओलाव्याच्या शोधात जुन्या पाईपच्या सांध्यातून आत शिरतात आणि आत जाळे विणतात. अशा वेळी सांधा दुरुस्त केल्याशिवाय गत्यंतर नाही.

बाटलीतल्या औषधाविषयी सावधान

अ‍ॅसिड ओतले की धूर निघतो, खदखद आवाज होतो आणि आपल्याला वाटते, काम झाले. प्रत्यक्षात अ‍ॅसिडने ना तेल जाते, ना केस. लादी, सिमेंट आणि डोळे मात्र जातात.

तेलाच्या थरावर कॉस्टिक सोडा चालतो, कारण तो तेलाचे साबणात रूपांतर करतो आणि केसही गाळतो. पण तो हातातल्या विस्तवासारखा आहे. प्लास्टिकच्या भांड्यात तांब्याभर गार पाणी घ्या आणि त्यात दोन चमचे सोडा हळूहळू सोडा. आधी सोडा आणि वरून पाणी, असे कधीही करू नका, ते उसळून तोंडावर येते. अ‍ॅल्युमिनियमचे भांडे वापरू नका. पाणी थोडेफार उतरत असेल तेव्हाच सोडा घाला, अर्ध्या तासाने भरपूर पाणी ओता. पाईप पूर्ण बंद असताना घातला, तर तो तिथेच साचून राहतो आणि नंतर हात घालणाऱ्याला भाजतो. औषध ओतल्यावर रबरी पंप मारू नका. आणि कारागिराला बोलावलेत, तर आत काय ओतले आहे, ते त्याला आधी सांगा. त्याचाही हात माणसाचाच आहे.

दोन औषधे कधीही एकत्र करू नका. अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो. लहानशा बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. खायचा सोडा आणि व्हिनेगर ओतण्याचा उपाय हल्ली जो तो सांगतो. फेस खूप येतो, पण दोन्ही एकमेकांना मारून टाकतात आणि उरते ते जवळजवळ पाणीच. त्यापेक्षा भांडी धुण्याचा द्रव साबण आणि हाताला सोसेल त्याहून थोडे जास्त गरम पाणी बरे. उकळते पाणी नको, प्लास्टिकचा पाईप त्याने मऊ पडतो आणि संडासाचे भांडे तडकू शकते.

संडास तुंबल्यास

संडास तुंबण्याचे कारण बहुतेक वेळा पोटातून नव्हे, हातातून आलेले असते. कापड, प्लास्टिकची पिशवी, लहान मुलांचे डायपर आणि मासिक पाळीचे पॅड. भगिनींनो, यात लाजण्यासारखे काही नाही. पॅड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या वेगळ्या पिशवीत टाका आणि वयात आलेल्या मुलीला हे पहिल्याच वेळी समजावून सांगा. न्हाणीघरात झाकणाचा छोटा डबा ठेवला, म्हणजे तिला लपवालपवी करावी लागणार नाही. पुरुषांनी तो डबा रिकामा करायला मागेपुढे पाहू नये.

तुंबलेल्या संडासात बादलीमागून बादली ओतू नका, घाण वर येईल. मोठ्या तोंडाच्या रबरी पंपाने प्रयत्न करा. न जमल्यास चेंबर पाहा. चेंबर भरलेला असेल आणि टाकीही काठोकाठ असेल, तर घरगुती काम इथे संपले. पुढचे काम यंत्राचे आहे.

आगाशीकडचा पावसाळा

आपल्या किनारपट्टीचे एक वेगळे दुखणे आहे. आगाशीच्या आजूबाजूला वाड्या, विहिरी, बावखले. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसला, तरी आषाढात पाणी हाताला लागते. जमिनीतले पाणी असे वर आले की शोषखड्ड्यात पाणी मुरायला जागाच राहत नाही. मग तळमजल्यावरची मोरी भरते, संडास उतरत नाही. लोक स्प्रिंग घालतात, अ‍ॅसिड ओततात, कारागीर बदलतात. पण तिथे काही अडकलेलेच नसते! भरलेल्या घड्यात आणखी पाणी कसे ओतणार?

हे ओळखावे कसे? पाऊस चार दिवस थांबला की मोरी आपोआप वाहू लागते. विहिरीचे पाणी चढले की मोरी चढते, उतरले की उतरते. अशा वेळी पाणी कमी वापरणे, कपडे धुण्याचे पाणी शक्य तर वेगळ्या वाटेने झाडांना सोडणे, छपराचे पाणी शोषखड्ड्याकडे जाऊ न देणे, एवढेच हातात असते. कायमचा उपाय म्हणजे पाणी बाहेर वाहून नेणारे नीट गटार. त्यासाठी चाळीने मिळून ग्रामपंचायतीत किंवा महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि अर्जाची पोच घ्यावी. तोंडी तक्रार पाण्याबरोबर वाहून जाते.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी भरले, नालासोपाऱ्याला रेल्वेचे रूळ बुडाले. असा पूर येतो तेव्हा बाहेरचे पाणीच पाईपमधून उलटे घरात शिरते. तेव्हा जाळ्या काढू नका. वाळू भरलेली पिशवी प्लास्टिकमध्ये गुंडाळून मोरीच्या आणि संडासाच्या तोंडावर दाबून ठेवा. नव्याने बांधकाम करत असाल, तर बाहेर जाणाऱ्या पाईपला पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या. पाणी ओसरल्यावर फरशी आणि मोरी ब्लीचिंग पावडरने धुवा, पण त्याच दिवशी अ‍ॅसिड वापरू नका.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल, म्हणजे साबणाला फेस येत नसेल, तर तुमची मोरी इतरांपेक्षा लवकर तुंबेल. पाण्यातला चुना साबणाला धरतो आणि पाईपच्या आत पांढरा, चिकट थर बसतो. अशा घरांनी ट्रॅप पंधरा दिवसांनी उघडून धुवावा.

टाकीत माणूस नाही!

आता सर्वात महत्त्वाचे. ९ एप्रिल २०२४ रोजी आगाशीपासून जवळच, विरार पश्चिमेच्या ग्लोबल सिटी भागात, सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या टाकीत सफाईसाठी उतरलेले चार कामगार गुदमरून मरण पावले. त्या दिवशी गुढीपाडवा होता. लोकांच्या दारी सण होता आणि या चार घरांत आकांत.

टाकीत असे काय असते? मैला कुजून तिथे विषारी वायू तयार होतात. त्यातला हायड्रोजन सल्फाइड थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो. फार असला तर नाकच बधिर होते आणि वास यायचा थांबतो. माणसाला वाटते, आता हवा बरी आहे. तो एक पायरी खाली उतरतो आणि कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. तोंडाला बांधलेला रुमाल या वायूला अडवत नाही. दुसरा वायू मिथेन. तो एका काडीने पेट घेतो. म्हणून टाकीचे झाकण उघडून आत काडी पेटवून पाहणे म्हणजे मरणाला हाक मारणे.

कायदा काय सांगतो, तेही प्रत्येक घराला ठाऊक हवे. हाताने मैला साफ करणाऱ्यांच्या सेवायोजनास मनाई करणारा आणि त्यांच्या पुनर्वसनाची तरतूद करणारा कायदा २०१३ साली झाला. गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करण्यासाठी सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा फक्त महानगरपालिकेला नाही, ठेकेदाराला आहे, सोसायटीला आहे, तुम्हा-आम्हालाही आहे. असा कामगार मरण पावल्यास त्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ही रक्कम तीस लाख केली. "त्याने स्वतःहून उतरायची तयारी दाखवली," ही सबब माणुसकीला धरून नाही. पोटाची भूक माणसाकडून काहीही वदवून घेते.

तेव्हा टाकी भरली की गाळ खेचणारी यंत्राची गाडी बोलवायची. दोन-तीन वर्षांनी टाकी उपसून घ्यायची, भरण्याची वाट पाहायची नाही. चाळीने महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकले, तर गाडीचा खर्च कोणालाच जड जात नाही. गाडीबरोबर आलेला माणूस "तळाचा गाळ उतरून काढतो, वरचे पैसे द्या" म्हणाला, तर सर्वांनी मिळून ठामपणे नाही म्हणायचे. तळाला थोडा गाळ राहिला तर टाकीचे काही बिघडत नाही.

हलके काम कोणते?

आपल्यातल्या काही घरांत मोरीला हात लावणे कमीपणाचे वाटते. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांची घाण उचलण्याचे काम जातीच्या नावाने ज्यांच्या माथी मारले गेले, त्यांच्या मुलांना घाणीचा तिटकारा वाटणारच. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी उष्ट्या-शिळ्या तुकड्यांवर आणि मेलेल्या जनावराच्या मांसावर जगणे सोडून स्वाभिमानाने जगण्याची हाक दिली. गावोगावच्या लोकांनी मेलेली ढोरे ओढण्याचे नाकारले, त्यापायी बहिष्कार सोसला. तो वारसा आपला आहे.

पण नीट विचार करा. त्यांनी नाकारली ती सक्ती. स्वतःच्या घराची स्वच्छता नव्हे. स्वतःच्या मोरीतला गाळ स्वतः काढणे हा स्वावलंबनाचा भाग आहे. आपली घाण काढण्यासाठी दुसऱ्या गरीब माणसाला खड्ड्यात उतरवणे, ही तीच जुनी गुलामगिरी, फक्त मालक बदललेला. शिकून, नोकरी लागून, सोसायटीत घर घेतल्यावर आपणच जर वरून "उतर खाली" म्हणू लागलो, तर चाललो किती आणि पोचलो कुठे?

विनयपिटकातल्या चुल्लवग्गात मोरीचाही विचार झालेला आहे. भिक्खूंच्या स्नानाच्या जागी चिखल होऊ लागला, तेव्हा पाणी वाहून जाण्यासाठी मोरी करण्याची अनुज्ञा भगवंतांनी दिली. शौचकूप कसा वापरावा, तो अस्वच्छ दिसला तर झाडून काढावा, तिथल्या भांड्यात पाणी नसेल तर भरून ठेवावे, असे नियमही तिथे आहेत. हे नियम सगळ्या भिक्खूंना सारखे आहेत. पूर्वाश्रमीची जात पाहून ते काम कोणा एकाला लावून दिलेले नाही. ज्याने वापरले, त्याने स्वच्छ ठेवावे. इतकी साधी समता!

हीच समता घरातही यायला हवी. मोरी तुंबली की "आई, बघ गं!" अशी हाक का जाते? आंघोळ सगळ्यांनी केली, केस सगळ्यांचे गेले, मग गाळ एकट्या आईनेच का काढावा? मुलाला रबरी पंप धरायला शिकवा, मुलीला बॉटल ट्रॅप उघडायला शिकवा. जाळीची पाळी ठरवून द्या आणि त्या पाळीत वडिलांचेही नाव घाला.

घरात लावण्यासारखे नियम

हे नियम कागदावर लिहून मोरीजवळ चिकटवा:

१. खरकटे आधी डब्यात, मग भांडे मोरीत. भाताची शिते, चहाचा चोथा, माशांचे खवले मोरीत जाऊ देऊ नका.
२. तळणीचे उरलेले तेल कधीही ओतू नका. कढई कागदाने पुसून मग घासा.
३. राखेने किंवा मातीने भांडी घासत असाल, तर ती राख-माती जाळीवर अडवा. समुद्रावरून आल्यावर पायांची वाळू अंगणातच झटका.
४. आंघोळीनंतर जाळीवरचे केस लगेच उचला.
५. आठवड्यातून एकदा जाळी आणि वाटी धुवा, महिन्यातून एकदा सिंकचा ट्रॅप.
६. पाऊस सुरू होण्याआधी, वैशाखातच, सगळे चेंबर उघडून पाहा.
७. काम झाल्यावर हात साबणाने कोपरापर्यंत धुवा. हाताला जखम असेल, तर ते काम दुसऱ्याने करावे.
८. टाकीत माणूस उतरणार नाही. आपल्या घरातला नाही, दुसऱ्याच्या घरातलाही नाही.

पहिले सात नियम मोरीसाठी आहेत, आठवा माणसासाठी. सात विसरलात तर मोरी तुंबेल, पुन्हा मोकळी करता येईल. आठवा विसरून चालणार नाही.

या रविवारी अर्धा तास काढा. घरातल्या मुला-मुलींना बरोबर घ्या, बादलीत नीळ कालवा आणि आपल्या घराचे पाणी कुठून कुठे जाते, ते त्यांच्याच डोळ्यांनी त्यांना पाहू द्या. पुढच्या आठवड्यात भिंतीतली ओल आणि गळके छप्पर यांविषयी बोलू.

जयभीम!